पहिल्या रिळातली पावलं

हयवदनच्या सिनेमात पहिली साडेचार मिनिटं कुणीच काही बोलत नव्हतं, आणि त्यामुळे बोलण्यासारखं त्यात तेवढंच होतं. उरलेले सव्वादोन तास सगळी पात्रं तोंडाचा पट्टा चालवत होती. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

साडेचार मिनिटांतली गोष्ट अशी. एक बाई घरात एकटी दहीभात खात बसलीय. अचानक दिवे जातात. ती मेणबत्ती लावते आणि तिच्या ध्यानात येतं, की दाराखालच्या फटीतून उजेड येतोय. म्हणजे बाहेर पॅसेजमध्ये दिवे आहेत. गेलेत ते फक्त तिच्या घरातले. मग पॅसेजमधून कुणीतरी चालत येतं आणि दाराशी थांबतं. बस. पुढे सिनेमाचं नाव येतं आणि नायक मोटारसायकलवरून गाणं म्हणत येतो, त्यामुळे भीती वाटायची ती त्याच्या आतच वाटून घ्यायची होती.

दाराखालचा उजेड महांतेशचा. महांतेश बैलहोंगलचा, कॅमेरामन, आणि उजेड या विषयावर त्याच्याशी बोलायला गेलेला माणूस जेवायच्या वेळेला परत येत नसे. त्यानं सुताराकडून दाराची खालची कड दोन दिवस रंध्यानं तासून घेतली होती. फट दीड बोट. बाहेर साठचा एकच बल्ब. "अंधार करायचा म्हणजे दिवे घालवायचे नसतात रे," तो म्हणे. "एकच दिवा, नको तिथं ठेवायचा असतो." ती पिवळी तिरीप दोन जागी तुटली, की समजायचं पाय आले.

पायांचा आवाज कृष्णातचा. कृष्णात निपाणीचा, वय एकोणतीस. बेंगळुरात येऊन पाच वर्षं झाली होती आणि या पाच वर्षांत त्यानं सतरा सिनेमांतली हाडं मोडली होती, काकड्या मोडून. करवंट्या आपटून घोडे पळवले होते. ओल्या कणकेवर बुक्क्या मारून खलनायकांची तोंडं फोडली होती. हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या नावावर. या खेपेला हयवदननं शब्द दिला होता, की 'ध्वनी' या शब्दाखाली कृष्णातचं नाव येईल, एकट्याचं, स्वतंत्र पाटीवर.

भांडण आधी कोण, यावरून होतं.

"माझी तिरीप तुटलेली दिसेपर्यंत तू गप्प बसायचं," महांतेश म्हणाला. "लोकांना दिसू दे आधी."

"दिसल्यावर पावलं ऐकवू? म्हणजे जेवण झाल्यावर भूक लावायची."

"ऐकू आल्यावर माझ्या उजेडाचं काय उरलं मग?"

"अण्णा, उजेड सांगतो 'आलाय'. आवाज सांगतो 'येतोय'," कृष्णात म्हणाला. "भीती 'येतोय'ची असते. 'आलाय' म्हटल्यावर माणूस काठी शोधायला लागतो."

हयवदन दिग्दर्शक असल्यामुळे त्याला दोघांचंही पटलं.

निर्माते बसवंत यांना मात्र दोघांचंही पटलं नाही. बसवंतांचे देवनहळ्ळीला द्राक्षांचे मळे. त्यांचं म्हणणं, सुरुवातीला गडगडाट पाहिजे. "थेटरात सहा-सहा स्पीकर टांगलेत ते काय द्राक्षं वाळवायला?" त्यांनी कन्नडात विचारलं. "साडेचार मिनिटं माणूस भात खातानाचा आवाज ऐकवणार मला? तो घरी फुकट ऐकतोय मी."

"सर, स्वल्प थांबा की," हयवदन म्हणाला. "कृष्णात पावलं करतोय."

"बुधवारी सकाळी अकरा वाजता पहिलं रीळ बघणार मी. माझी माणसं आणतो बघायला. सिनेमातली माणसं ओळखीखातर दचकतात. माझ्या मळ्यातल्या बायका, वेलीत साप निघाला तर आधी घड टोपलीत ठेवतात, मग बाजूला होतात. त्या दचकल्या तर याचा आवाज राहील. नाही दचकल्या तर गडगडाट. आणि गडगडाट माझ्या मेहुण्याकडे तयार आहे."

मेहुणा बाजूलाच बसला होता. त्यानं खिशातून कॅसेट काढून दाखवली. गडगडाट तयार होता. 'ध्वनी'च्या पाटीवर घालायला मेहुण्याला नावही होतं.

कृष्णात शिवाजीनगरला गेला आणि जुन्या जोड्यांच्या ढिगातून पोलिसाचे बूट, वेटरचे बूट आणि बँडवाल्याचे पांढरे बूट घेऊन आला. तीन दिवस तो स्टुडिओतल्या फरशीवर, वाळूवर, लाकडावर चालला. सावकाश चालला, लंगडत चालला, मनात खुनाचा विचार आणून चालला. टेपवर ऐकलं तर बूट ऐकू येत. पोलिसाचे बूट ऐकून त्याला पोलिसाचे बूट आठवत, आणि बँडवाल्याचे ऐकून लग्न.

रविवारी दुपारी तो घरी कॉटवर आडवा पडून रेडिओ ऐकत होता. घर म्हणजे राजाजीनगरातल्या वठारातल्या दोन खोल्या. एका ओळीत पाच बिऱ्हाडं, पुढून सगळ्यांचा मिळून एक लांब पॅसेज, आणि पॅसेजच्या टोकाला संडास. तीन आठवड्यांपूर्वी निपाणीहून आई-आबा आले होते. आबांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता आणि डॉक्टरांनी महिनाभर रात्रंदिवस काळा चष्मा लावायला सांगितलं होतं. आई शेजारणीकडे पापड लाटायला गेली होती.

कर्र.

कर्र. कर्र.

कृष्णात भानावर आला तेव्हा तो कॉटवर ताठ बसलेला होता. रेडिओ बंद होता. तो कुणी बंद केला हे त्याला आठवेना, पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पेपरची घडी घालून ती मांडीवर, आणि दोन्ही हात घडीवर.

कर्र. कर्र. कर्र. मग काहीच नाही. मग परत कर्र.

 पाठीचा मणका कुणीतरी आतून ओढून धरल्यासारखा झाला होता. त्यानं श्वास घेतला नव्हता, आणि घ्यावा की नाही याचा निर्णयही झालेला नव्हता.

आबा संडासाहून परत येत होते.

आबा, म्हणजे खंडोजी, निपाणीत तंबाखूच्या वखारीत एकतीस वर्षं मुकादम होते. पायात अथणीच्या वहाणा. बनवताना तळाच्या दोन कातड्यांमध्ये कसलंसं बी दाबून बसवतात म्हणे, म्हणून त्या करकरतात. चांगल्या वहाणा चार घरं आधी ऐकू येतात. आबांच्या सात घरं आधी येत. वखारीत एकशे चाळीस बायका तंबाखू निवडत बसलेल्या; आबा दारातून शिरले की पहिली ओळ गप्प, मग दुसरी, मग तिसरी, शेतातून वारा जावा तशी. घरी कृष्णात आणि त्याच्या दोन बहिणी गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की पुस्तकं उघडून बसत. कृष्णात एकदा बहिणीचं शिवणकामाचं पुस्तक उघडून पाऊण तास वाचत होता. आबांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. कधी गरजच पडली नाही.

"मानसाला वट पायजे," आबा म्हणत.

सोमवारी दुपारी कृष्णातनं स्टुडिओतला टेपरेकॉर्डर घरी आणला आणि मायक्रोफोन खिडकीतल्या कांद्याच्या टोपलीत पुरला. आबांना सांगितलं नाही. चोरी म्हणावी तर आबांचं काहीच कमी झालं नव्हतं. ते संडासला गेले आणि आले. चष्म्यामुळे ते भिंत चाचपत चालत होते. तीन पावलं टाकली की थांबत, कारण चौथ्या पावलावर शेजाऱ्यांची बादली असे. पायानं बादली शोधायची, ती वळसा घालून ओलांडायची, मग पुढची तीन.

टेपवर बादली ऐकू येत नव्हती. तीन पावलं ऐकू येत, आणि मग थांबून कसला तरी विचार करणारा माणूस ऐकू येई.

हयवदननं ते चित्रासोबत ऐकलं आणि हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. ठेवला तिथं टेबल नव्हतं.

"कोण आहे हा?" तो म्हणाला. "किती खून केलेत?"

"रिटायर झालाय," कृष्णात म्हणाला.

 "सरी, ठीक," महांतेश म्हणाला. "आधी तुझा येऊ दे. माझी तिरीप मागनं तुटू दे." महांतेशनं उजेडाबद्दल कुणाचं ऐकल्याची ही पहिली नोंद असावी.

मंगळवारी रात्रीचं जेवताना आई म्हणाली, "पापडवाली इचारत हुती, तुमचा लेक करतो काय म्हणून. मी म्हटलं, आवाज करतो. ती म्हणाली, आवाज आमी बी करतो."

"उद्या आमी येतोय बगायला," आबा म्हणाले.

कृष्णातनं घास ताटात परत ठेवला. "आबा, तुमचा डोळा... तिथं अंधार असतोय."

"मग चष्म्यानं काय बिघडतंय?"

विषय संपला. आबा बोलले की विषय संपतच असे. रात्रभर कृष्णात स्वतःची समजूत घालत होता. माणसाला स्वतःची चाल ऐकू येत नाही. चालताना तो चालत असतो. आबांना कळणार नाही. पण कळलं आणि आबा म्हणाले 'काढ', तर? तर निघणार. बसवंत, सहा स्पीकर, मळ्यातल्या बायका एकीकडे आणि आबांचा एक शब्द एकीकडे. मग मेहुण्याचा गडगडाट, मेहुण्याचं नाव, आणि कृष्णात परत काकड्यांकडे.

बुधवारी अकरा वाजता देवनहळ्ळीचा टेम्पो आला. चौदा बायका उतरल्या, कमरेला द्राक्षं कापायच्या कात्र्या खोचलेल्या. पुढारीण यल्लव्वा, रायचूरकडची. मिक्सिंग थिएटरात गालिचा असल्यामुळे सगळ्यांनी पायातलं दाराबाहेर काढलं. आबांच्या वहाणाही बाहेर रांगेत लागल्या. आत वीसेक खुर्च्या, पुढं पडदा, आणि मागं टेबलावर आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्यांची रांग. तिथं कृष्णात बसला. चित्राचं रीळ आणि आवाजाचं रीळ अजून वेगवेगळी होती. पावलांची पट्टी त्याच्या उजव्या हाताशी होती.

आबा काळा चष्मा लावून दुसऱ्या रांगेत बसले. त्यांच्या शेजारी आई. आईच्या पलीकडे यल्लव्वा, तिनं लगेच ओटीतले शेंगदाणे काढून अर्धे आईच्या मांडीवर ओतले. दोघी अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत सुनांबद्दल बोलू लागल्या. आईला सून नव्हती, पण मतं होती.

महांतेश कृष्णातच्या कानाशी आला. "ते कोण? काळा चष्मा घालून माझा उजेड बघणार?"

"ते ऐकायला आलेत."

"आणि उजेड?"

"उजेडासाठी पंधरा जणी आहेत की. लाव आता."

अंधार झाला.

बाई दहीभात खाऊ लागली. बांगड्यांचा आवाज, डोक्यावर पंख्याची घरघर. ही घरघर कृष्णातनं मुद्दाम थोडी जास्त ठेवली होती, इतकी, की मिनिटभरात ती कुणाला ऐकू येईनाशी व्हावी. मग दिवे गेले आणि पंखा फिरत फिरत, दमत दमत थांबला. तेव्हा कळलं की इतका वेळ आवाज होता. थिएटरात सगळ्यांचे श्वास उघडे पडले. काडी ओढली. मेणबत्ती. दाराखाली पिवळी तिरीप.

लांबून, अगदी लांबून, कर्र.

कृष्णात डोकी बघत होता. चौदा डोकी, एकही हललं नाही. यल्लव्वानं एक शेंगदाणा तोंडात टाकला.

कर्र. कर्र.

थांबलं.

बसवंतांनी घड्याळ बघितलं. मेहुण्यानं कॅसेट खिशातून काढून मांडीवर ठेवली. आबांनी मान थोडी वर केली, कानाची दिशा बदलल्यासारखी. 

कर्र. कर्र. कर्र. जवळ. यल्लव्वाचं चावणं थांबलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं कमरेची कात्री काढून हातात घेतली. भिऊन की कंटाळून, ते मागून कळेना. पडद्यावरची बाई दाराकडे बघत होती. तिरीप अजून सलग होती. परत कर्र, अगदी दाराशी, आणि तिरीप एका जागी तुटली.

दुसऱ्या जागी तुटणार, तेवढ्यात पडद्यावरच्या दारावर, खालपासून वरपर्यंत, डोक्यावरून पदर घेतलेली एक काळी आकृती उभी राहिली.

चौदा बायका ओरडल्या. त्यांना घाबरायची सवय नसल्यामुळे त्या किती ओरडायचं याचा अंदाज न येता ओरडल्या. बसवंत खुर्चीवरून खाली गेले. मेहुण्याची कॅसेट कुठंतरी खळ्ळकन पडली आणि तिच्यावर कुणाचा तरी पाय. हयवदन 'हरी हरी हरी' म्हणत दाराकडे धावला आणि भिंतीवर आपटला. महांतेश ओरडला, "हे मी केलं नाही!" कृष्णात ओरडला तेव्हा त्याला वाटलं, आपण आवाज पट्टीवरून वाढवतोय.

कुणीतरी दिवे लावले.

दुसऱ्या रांगेत आई उभी होती. प्रोजेक्टरच्या झोतात, सरळ. पदर डोक्यावरून घेतलेला, हात पोटाशी जुळवलेले, नजर खाली. मांडीवरचे शेंगदाणे गालिचावर सांडले होते. ती पडद्याकडे बघत नव्हती. तिचं तोंड थिएटरच्या दाराकडे होतं.

"राहिला!" बसवंत खुर्चीखालून म्हणाले. "आवाज राहिला!" ते गुडघे झाडत वर आले. "अय्यो, काय तो आवाज! आणि ती बाई वर आली ती तर... हयवदन, लिहून घे. गावोगावच्या थेटरात दुसऱ्या रांगेत एकेक बाई बसवायची. आवाज आला की उठायचं. पगारावर." मग त्यांना आबा दिसले. वडीलधारा माणूस बघून त्यांनी आवाज खाली आणला. "अज्जा, तुम्हाला कसं वाटलं?"

 कृष्णातनं टेबलाची कड धरली.

"ह्यो मानूस बरा न्हवं," आबा म्हणाले. "चालीवरनं कळतंय. असा मानूस घरात येत आसंल तर त्या बाईनं भात ऱ्हाऊ द्यावा आनि माहेरला जावं." बसवंतांना मराठी समजत नव्हती, पण सूर कळला, आणि त्यांनी मान डोलावली. मग आबा आईकडे वळले. "आनि तू का उटलीस गं मदीच? लोकास्नी दिसंना झालं."

"तुमी आला न्हवं," आई म्हणाली.

"काय?"

"तुमी आला. म्हनून उटले."

"मी हितं बसलोय की, तुज्याशेजारी."

"व्हय. दिसतंय की," आई म्हणाली. ती अजून उभीच होती.

यल्लव्वानं तिच्या पदराचं टोक हळूच ओढलं. "कूतकोळ्ळी अक्का," ती म्हणाली. आई बसली नाही.

"माज्या वहाना भाईर काडल्यात," आबा म्हणाले, जणू पुरावा दाखवत होते.

"आवाज तुमचा हाय. ठाव हाय मला. एक्केचाळीस वर्सं ऐकतीया." आईच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीत मीठ कमी आहे हे ती याच आवाजात सांगत असे. "गल्लीच्या तोंडाला आला की उटायचं. हातात काय आसंल ते ठिवून. येळच्या येळी पाय उटतात, मला इचारत न्हाईत."

आबा तिच्याकडे बघत राहिले. म्हणजे चष्म्याची काच तिच्याकडे होती. कृष्णातला आता एक गोष्ट कळत होती आणि ती कळू नये म्हणून तो दुसरीकडे बघायचा प्रयत्न करत होता. निपाणीच्या घरात आबांनी आईला बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. ते दारात येत तेव्हा ती उभीच असे. तिला बसायला आवडत नाही, असं त्यांना वाटत आलं असावं. कृष्णातलाही तसंच वाटत आलं होतं. तो एवढी वर्षं पुस्तकात बघत होता.

"किष्णा," आबा म्हणाले.

कृष्णात उभा राहिला. महांतेशही उभा राहिला. त्याचा काही संबंध नव्हता.

"कुनाच्या पायातला आवाज हाय ह्यो?"

"तुमच्या."

"कवा घेतलास?"

"सोमवारी. तुम्ही संडासाहून येताना. कांद्याच्या टोपलीत माईक होता."

"मला न इचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही वेगळं चालला असता, आबा."

आबांनी गालिचावरचे अनवाणी पाय एकदा चाचपून पाहिले.  हयवदन कपाळावरच्या टेंगळाला हात लावून उभा होता. बसवंत सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणतायत? काढायला सांगतायत का?" त्यांनी विचारलं. "हे बघ, आता काढायचं नाही. मी बघितलंय, माझ्या बायका ओरडल्या."

"आबा म्हणतील तसं," कृष्णात म्हणाला. तोंडातून गेल्यावर त्याला कळलं आपण काय म्हणालो. पाच वर्षं, सतरा सिनेमे, स्वतंत्र पाटी.

"परत लाव," आबा म्हणाले.

"अख्खं?"

"चालतोय तेवडं."

दिवे गेले. रीळ मागं फिरलं. या खेपेला पंखा नव्हता, दहीभात नव्हता, एकदम मेणबत्ती. चौदा बायका सावरून बसल्या. पडद्यावरची बाई दाराकडे बघू लागली आणि लांबून कर्र आलं.

आई परत उठली.

काय येणार हे तिला माहीत होतं, तरी उठली. तिची सावली पडद्यावर चढली आणि या वेळी कुणी ओरडलं नाही. ओरडण्यापेक्षा ते वाईट होतं. यल्लव्वा पडद्याकडे बघायची सोडून आबांकडे बघत होती. हळूहळू सगळी रांगच आबांकडे बघू लागली. एकशे चाळीस बायका एकतीस वर्षं त्यांच्याकडे न बघता गप्प झाल्या होत्या. या चौदा बघून गप्प होत्या.

आबांनी हात वर केला. "थांब."

कृष्णातनं आवाज आणि चित्र दोन्ही थांबवलं; कुणीतरी परत दिवे लावले. आता 'काढ' येणार. त्याचा अंगठा आपसूक पावलांच्या पट्टीवर गेला, खाली ओढायला.

पण आबा त्याच्याशी बोललेच नाहीत. ते आईकडे मान वळवून म्हणाले, "एवडाच ऐकू यायचा तुला?"

"न्हाई," आई म्हणाली.

"किष्णा, वाडव."

कृष्णातनं पट्टी वर सरकवली. तीच पावलं परत लावली. कर्र. कर्र. कर्र.

"एवडा?"

आईनं डोकं थोडं तिरपं केलं. बाजारात दोन नारळ वाजवून बघताना ती असंच करायची. "अजून."

"वाडव."

कर्र. कर्र. कर्र. आता तो आवाज भिंतीतून येत होता. बसवंतांनी खुर्चीचे हात धरले.

"एवडा?"

"हे झालं तुमी गल्लीच्या तोंडाला आसताना," आई म्हणाली. "दारात यायचा त्यो येगळा."

आबांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती, पण कुणी आठवण करून दिली नाही. त्यांचा एक डोळा लाल होता आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं. ऑपरेशनमुळे येतं असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. ते हातानं वर, वर, असं दाखवत राहिले. कृष्णातचा अंगठा पट्टीवर होता आणि तो पुढं सरकत नव्हता. आबांनी सांगितलेलं त्याच्याकडून होत नाही, असं पहिल्यांदाच झालं. महांतेशनं हात पुढं केला, कृष्णातच्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवला आणि ढकलला.

कर्र.

समोरच्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात गेला. पडद्याचं कापड थरथरलं. एका बाईनं कानावर हात ठेवले.

"आता?" आबांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांच्याच पावलाखाली गेला, म्हणून त्यांना परत विचारावं लागलं. "आता गं?"

"अजून थोडा," आई म्हणाली.

"आई, याच्यावर जात नाही," कृष्णात म्हणाला. "पट्टी संपली."

आईनं विचार केला. उभ्या उभ्याच केला.

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तेवड्यावर भागव."